अकस्मात, एकदम, झटकन : आकस्मिकतेच्या मराठी शब्दांचा इतिहास

१

४ सप्टेंबर २०२२ च्या रात्री बंगळूर शहरावर जो पाऊस कोसळला, त्याने सर्जापूर रोडच्या परिसरातील अनेक नव्या वसाहती पाण्याखाली नेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तेथील रहिवाशांना ट्रॅक्टरांतून आणि होड्यांतून बाहेर काढावे लागले. संगणक-व्यवसायाच्या निमित्ताने महाराष्ट्रातून येऊन ह्या भागात स्थिरावलेली मराठी कुटुंबे थोडी नाहीत. अशा प्रसंगी मराठी माणसाच्या तोंडी जे शब्द आपोआप येतात ते ठरलेले आहेत : पाणी ‘अचानक’ आले, ‘एकाएकी’ आले, ‘एकदम’ चढले. लेखणी हाती घेतलेला मनुष्य थोडा अधिक प्रौढ होतो आणि पूर ‘अकस्मात’ आला असे लिहितो. हे चारही शब्द परस्परांच्या जागी निश्चिंतपणे वापरले जातात. आणि इंग्रजी-मराठी कोश उघडावा तर ‘सडन’ ह्या एका शब्दापुढे ते सर्व एका रांगेत बसलेले आढळतात.

परंतु ते एका अर्थाचे आहेत काय? त्याच परिसरात केवळ काही दिवस अगोदर, ऑगस्टच्या अखेरीस, असेच पाणी शिरले होते. बंगळूरचे जुने जलव्यवस्थापन तळ्यांच्या साखळीवर उभे आहे. वरचे तळे भरले की त्याचे पाणी राजकालुव्यांतून, म्हणजे मोठ्या नाल्यांतून, खालच्या तळ्यात उतरते. शहराच्या ह्या अंगाचे पाणी बेळ्ळंदूरकडे, तेथून वर्तूरकडे आणि शेवटी दक्षिण पिनाकिनी नदीकडे जाते. हे कालुवे जागोजागी अरुंद झाले, तळ्यांच्या काठांवर आणि सखल पाणथळींवर घरे उठली, आणि ही प्रक्रिया अनेक वर्षे चालू होती. पाणी अपेक्षा नसताना आले हे खरे; विनाकारण आले हे मात्र खरे नव्हे. ‘अकस्मात’ हा शब्द मात्र नेमके तेच सांगतो.

आकस्मिकतेचे शब्द काळाचे मोजमाप सांगतात अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः त्यांतील प्रत्येक शब्द घटनेच्या कारणाविषयी, पाहणाऱ्याच्या मनाविषयी किंवा घटनेच्या घडणीविषयी एकेक निवाडा देत असतो. मराठीने हे निवाडे निरनिराळ्या काळांत निरनिराळ्या भाषांच्या सहवासात घडवले. गेल्या दोनशे वर्षांत कोशकार, व्याकरणकार आणि भाषांतरकार ह्यांच्या हातून त्यांची जी व्यवस्था लागली, तिच्यात काही भेद जतन झाले आणि काही पुसट झाले. तो इतिहास येथे पाहावयाचा आहे.

२

प्रथम ‘अकस्मात’ हा शब्द घ्यावा. ‘कस्मात्’ म्हणजे ‘कशामुळे’. त्याला नकाराचा ‘अ’ जोडला की ‘कशामुळेही नव्हे’ असा अर्थ होतो. व्यवहारात ह्या शब्दाचा अर्थ लवकरच सैल झाला. परंतु भारतीय दार्शनिकांनी त्याचा मूळ अक्षरार्थ गंभीरपणे घेतला. वस्तू निमित्तावाचून उत्पन्न होतात, काट्याला तीक्ष्णता कोणी आणलेली नसते, असा एक पक्ष न्यायसूत्रांतच मांडून खोडला आहे. पुढे दहाव्या शतकात उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’च्या पहिल्या स्तबकात ह्या आकस्मिकत्वाचा पुन्हा समाचार घेतला. ‘अकस्मात होते’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न त्यांनी शब्दाचे घटक सुटे करून विचारला : कारण नाही असे म्हणावयाचे आहे, की उत्पत्तीच नाही असे, की वस्तू स्वतःच स्वतःचे कारण आहे असे? प्रत्येक पर्याय त्यांनी निकालात काढला. जे कधी असते आणि कधी नसते, त्याला कारण असलेच पाहिजे, हा त्यांच्या युक्तिवादाचा कणा होय.

नैयायिकांनी खोडलेला हा अर्थ मराठीच्या राज्यव्यवहारात मात्र सुखाने नांदतो आहे. संशयास्पद किंवा अनैसर्गिक मृत्यूची पहिली नोंद पोलीस ठाण्यात होते ती ‘अकस्मात मृत्यू’ ह्या नावाने. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १७४ व्या कलमाखाली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १९४ व्या कलमाखाली जी चौकशी होते, तिचा हेतूच मृत्यूचे कारण शोधण्याचा असतो. म्हणजे ज्या नोंदवहीतून कारणाचा शोध सुरू व्हावयाचा, तिच्या मथळ्यावरच ‘कशामुळेही नव्हे’ हा शब्द बसला आहे. राज्याच्या ‘आकस्मिकता निधी’चेही तसेच. संविधानाच्या २६७ व्या अनुच्छेदाने सांगितलेला तो निधी अनपेक्षित खर्चासाठी असतो. निष्कारण खर्चासाठी नसतो. ह्या नावांना दोष देण्याचे प्रयोजन नाही. रूढीने शब्दाचा अक्षरार्थ झिजतो. पण झिजलेला अर्थ नाहीसा होत नाही. तो शब्दाच्या तळाशी राहतो आणि प्रसंग पाहून वर येतो.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यात पूर आला. बांधकाम पुरते झालेले नसता त्या पावसाळ्यात धरणात पाणी साठवले गेले होते. पुणेकरांच्या बोलण्यात तो पूर अकस्मात आला. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाला मात्र अकस्मात ह्या शब्दाशी थांबणे शक्य नव्हते. बोलणाऱ्याचा अकस्मात आणि चौकशी करणाऱ्याचे कारण ह्यांच्यातील हे अंतर भाषेने ओळखले पाहिजे. अन्यथा शब्दच जबाबदारीवर पांघरूण घालतो. सर्जापूर रोडवरील पुरालाही हेच लागू पडते.

संस्कृतातून आलेल्या इतर शब्दांचे भाग्य निराळे. ‘सहसा’ हा शब्द ‘सहस्’ म्हणजे बळ ह्यापासून निघाला; बळाने, आणि म्हणून एकाएकी, अविचाराने, असा त्याचा अर्थ. भारवीने ‘किरातार्जुनीया’त युधिष्ठिराच्या तोंडी जो प्रसिद्ध उपदेश घातला आहे, त्यात कोणतेही काम ‘सहसा’ करू नये असे म्हटले आहे. मराठीत ह्या शब्दाने नकाराची संगत इतकी धरली की ‘तो सहसा रागावत नाही’ ह्या वाक्यात आकस्मिकतेचा अंशही उरला नाही. उलट ‘बहुधा’ ह्या अर्थाकडे तो सरकला. ‘हठात्’ म्हणजे बळजबरीने. बंगालीत आणि कन्नडात हाच शब्द ‘अचानक’ ह्या अर्थी रुळला, मराठीने मात्र त्यातील हट्ट तेवढा ठेवला. एकाच भांडारातून उचललेले शब्द शेजारच्या भाषांत किती निराळ्या वाटांनी जातात, ह्याचे हे चांगले उदाहरण आहे.

३

दुसरा वर्ग काळाच्या एकेपणावर आधारलेला आहे. ‘एकदम’ हा फारसी जोडशब्द. ‘दम’ म्हणजे श्वास. एका श्वासात जे घडते ते एकदम. ‘एकाएकी’मध्येही एकाचीच द्विरुक्ती आहे. तत्काळ, तत्क्षणी, क्षणार्धात हे संस्कृत शब्द ह्याच वर्गातले. हे शब्द कारणाविषयी मूक असतात. काळ किती थोडा, एवढेच सांगतात.

तिसरा वर्ग मनाच्या अपेक्षेशी बांधलेला आहे. जुन्या मराठीतील ‘अवचट’ आणि ‘अवचित’ हे शब्द येथे येतात. ज्ञानदेवांच्या नावावर असलेल्या एका प्रसिद्ध अभंगात सुगंधाची झुळूक येते ती ‘अवचिता’. ती किती वेगाने आली हे तेथे सांगावयाचे नाही. ती मनाने मागितलेली नव्हती हे सांगावयाचे आहे. मंद झुळूकही अवचित येऊ शकते, पण ती ‘एकदम’ येत नाही. ‘ध्यानीमनी नसताना’ हा बोलीतील प्रयोग ह्याच वर्गाचा आणि अर्थाने सर्वांत प्रामाणिक. तो घटनेविषयी काहीच म्हणत नाही. पाहणाऱ्याच्या अज्ञानाची तेवढी कबुली देतो.

चौथा वर्ग मराठीचा स्वतःचा, आणि शिष्ट गद्याने सर्वांत उपेक्षिलेला. झटकन, पटकन, चटकन, खाडकन, धाडकन, धपकन, गपकन, टचकन, लखकन, सर्रकन हे ते शब्द. शालेय व्याकरणात त्यांची बोळवण ‘अनुकरणदर्शक’ ह्या एका उपप्रकारात होते, आणि अनुकरण म्हणजे आवाजाची नक्कल असे समजले जाते. हे वर्णन अपुरे आहे. दार धाडकन लागते तेव्हा आवाज होतो हे खरे. पण वीज लखकन चमकते तेव्हा आवाज नसतो, डोळ्यांत टचकन पाणी येते तेव्हा नसतो, अंगावर सर्रकन काटा येतो तेव्हाही नसतो. काळजात चर्र होते किंवा धस्स होते, तेव्हा तर बाहेर काहीच घडलेले नसते. ह्या शब्दांत घटनेची घडण येते : तिचे वजन, तिची धार, तिचा स्पर्श. झटकन उठणाऱ्यात इच्छा आहे, खाडकन जागे होणाऱ्यात ती नाही. जगातील अनेक भाषांत असे शब्द आहेत. आफ्रिकेतील बांटू भाषांचे अभ्यासक क्लेमेंट डोक ह्यांनी १९३५ मध्ये त्यांना ‘इडिओफोन’ असे स्वतंत्र नाव दिले, कारण क्रियाविशेषणाच्या जुन्या चौकटीत ते मावत नव्हते.

ह्या शब्दांना व्याकरणही आहे. थेंब ‘टपकन’ पडतो, थेंब ‘टपटप’ पडतात. दार ‘धाडकन’ लागते, दारे ‘धडाधड’ लागतात. मूळ ध्वनी एकच; ‘कन’ लागला की घटना एक आणि पूर्ण होते, द्विरुक्ती झाली की ती मालिका होते. क्रियापदाचे रूप न बदलता मराठी येथे क्रियेचा बांधा दाखवते. क्षणिक आणि पुनरावृत्त ह्यांतील हा भेद दाखवण्याची एवढी सुटसुटीत सोय फार थोड्या भाषांना लाभली असेल.

४

हा चौथा वर्ग मराठीचा स्वतःचा म्हटला, तरी तो एकाकी नाही. त्याची एक बाजू संस्कृताकडे आहे, दुसरी कन्नडाकडे.

पाणिनीला अनुकृतिशब्दांची दखल घेणे क्षुद्र वाटले नाही. ‘अव्यक्तानुकरण’ असे त्यांना नाव देऊन त्याने त्यांच्यासाठी स्वतंत्र सूत्रे केली. पाचव्या अध्यायात ‘पटपटा करतो’ अशा रूपांसाठी ‘डाच्’ हा प्रत्यय सांगितला. सहाव्या अध्यायात ‘पटत्’सारख्या शब्दापुढे ‘इति’ आल्यास कसा संधी होतो हे सांगितले. काशिकावृत्तीने ह्या दुसऱ्या सूत्राखाली जी उदाहरणे दिली आहेत, त्यांत ‘झटत्’ आणि ‘इति’ मिळून झालेला ‘झटिति’ हा शब्द आहे. ‘झट असे म्हणत’ हा त्याचा अक्षरार्थ. ‘तत्काळ’ हा रूढार्थ. मराठीतील ‘झट’ आणि ‘झटकन’ ह्यांचे हे भाऊबंद.

झटिति हा शब्द पुढे भारतीय काव्यशास्त्राच्या अत्यंत नाजूक स्थळी येऊन बसला. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ लिहिला. वाच्यार्थाशी न थांबणाऱ्या सहृदयाच्या बुद्धीत व्यंग्यार्थ कसा प्रकाशतो हे पहिल्या उद्योतात सांगताना त्याने हाच शब्द निवडला. त्याच्यापुढे तत्काल होता, सद्यः होता, सहसा होता. त्याने झटिति घेतला. रसादी ध्वनीला त्याने ‘असंलक्ष्यक्रम’ म्हटले हेही ह्याच विचाराला धरून आहे. विभाव, अनुभाव आणि रस ह्यांत क्रम नाही असे तो म्हणत नाही. क्रम आहे, पण तो लक्षात येत नाही, असे म्हणतो. पुढील आलंकारिकांनी त्यासाठी कमळाच्या शंभर पाकळ्या एका सुईने भेदण्याचा दृष्टांत दिला. सुई एकेक पाकळी क्रमानेच भेदते. पाहणाऱ्याला मात्र सगळ्या एका क्षणी भेदल्यासारख्या वाटतात.

ह्या विचाराला ग्रीक तत्त्वज्ञानात एक विलक्षण जोड आहे. ‘अचानक’ ह्या अर्थी ग्रीकात ‘एक्साइफ्नेस’ असा शब्द आहे. प्लेटोने ‘पार्मेनिडीझ’ ह्या संवादात त्याचे जवळजवळ नामच बनवले. गती आणि स्थिती ह्यांच्यामध्ये बदलाची जी जागा असते, ती कोणत्याच काळात बसत नाही. त्या विचित्र जागेला त्याने हे नाव दिले. ‘सिंपोझियम’मध्ये सौंदर्याचे अंतिम दर्शन साधकाला एक्साइफ्नेस होते, आणि त्याच संवादात थोड्या वेळाने मद्यधुंद अल्किबायडीझचे दारावरचे ठोके पडतात तेही एक्साइफ्नेसच. ॲरिस्टॉटलने ‘भौतिकी’च्या चौथ्या पुस्तकात ह्या शब्दाची जी व्याख्या केली, ती मात्र गूढ नाही. जे इतक्या थोड्या काळात आपली अवस्था सोडते की तो काळ लहानपणामुळे जाणवत नाही, ते एक्साइफ्नेस, असा तिचा आशय. काळ आहे, पण जाणवत नाही. क्रम आहे, पण लक्षात येत नाही. काश्मीरचा आलंकारिक आणि अथेन्सचा तत्त्वज्ञ ह्यांचा परस्परांशी संबंध असण्याचे कारण नाही. तरीही आकस्मिकतेचे मूळ घटनेत न शोधता जाणिवेच्या मर्यादेत शोधावे, ह्या एका निष्कर्षावर दोघे येतात. उदयनाने तर्काने जे सिद्ध केले, तेच ह्या दोघांनी अनुभवाच्या अंगाने सांगितले.

आता कन्नडाची बाजू. कन्नडात ‘थट्टने’, ‘झग्गने’, ‘धडक्कने’ असे शब्द आहेत. ध्वनी आणि ‘अने’ अशी त्यांची बांधणी. ह्या ‘अने’चे नाते ‘म्हणणे’ ह्या अर्थाच्या ‘एन्’ धातूशी आहे. संस्कृताचा ‘इति’ जे काम करतो तेच कन्नडाचा ‘अने’ करतो : घटना जणू स्वतःच बोलते आणि भाषा तिचे बोलणे उद्धृत करते. मराठी ‘धाडकन’ आणि कन्नड ‘धडक्कने’ शेजारी ठेवले की त्यांचे साम्य सांगण्याची गरज राहत नाही. संस्कृत ‘हठात्’ला देखील कन्नडाने आपला ‘अने’ जोडून ‘हठात्तने’ असे रूप केले. परका शब्दही त्याने घटनेच्या मुखी घातला. मराठीने ‘अकस्मातकन’ असे कधी केले नाही. तिने तत्सम आणि अनुकृत ह्यांची घरे वेगळी ठेवली, आणि ह्या वेगळेपणातूनच पुढे प्रतिष्ठेचा भेद उत्पन्न झाला.

हा शेजार आजचा नाही. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाच्या नेतृत्वाखाली विजापूरच्या फौजेने बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या दरबारातील जयराम पिंड्ये ह्याचा ‘राधामाधवविलासचंपू’ वि. का. राजवाडे ह्यांनी संपादून प्रसिद्ध केला. अनेक भाषांत रचना करणारे कवी त्या दरबारी एकत्र येत, असे चित्र त्यात दिसते. मराठी आणि कन्नड ह्यांचा सहवास त्याहूनही कितीतरी जुना आहे. मरे एमेनो ह्यांनी १९५६ मध्ये भारत हे एक भाषाक्षेत्र आहे ही कल्पना मांडली आणि १९६९ मध्ये अनुकृतिशब्दांचा स्वतंत्र अभ्यास करून आर्य आणि द्राविड भाषांत ह्या बाबतीत किती देवघेव झाली आहे हे दाखवले. झटकन, धाडकन हे शब्द केवळ पोरकट बडबड नसून दोन भाषाकुळांच्या दीर्घ संसाराची मिळकत आहेत, असा त्या अभ्यासाचा मराठीपुरता अर्थ होतो.

५

ह्या मिळकतीचे आधुनिक काळात काय झाले? मराठीचा कोशव्यवहार प्रथम परकीयांच्या हातून आकारास आला. विल्यम केरीचा कोश १८१० मध्ये श्रीरामपूरला मोडी लिपीत छापला गेला. १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याची शब्दसंख्या सुमारे ६०,००० झाली. मोल्सवर्थचा विशेष हा की त्याने अनुकृतिशब्दांना हीन लेखले नाही. ते अनुकरणात्मक आहेत अशी खूण करून त्याने त्यांच्या नोंदी आस्थेने दिल्या. ‘कन’, ‘कर’, ‘दिनी’, ‘दिशी’ असे त्यांचे पर्यायी शेवट एकत्र नोंदले. आज ‘झटदिशी’ क्वचित ऐकू येतो आणि ‘झटदिनी’ ऐकूही येत नाही. त्या रूपांचा मागोवा घ्यावयाचा तर ह्या परभाषी कोशकाराकडेच जावे लागते. दाते आणि कर्वे ह्यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’ने १९३२ ते १९३८ ह्या काळात सात विभागांत हे धन मराठीतच मांडून ठेवले.

परंतु मराठी-इंग्रजी कोश आणि इंग्रजी-मराठी कोश ह्यांचा स्वभाव एक नसतो. पहिला मराठी शब्दापासून निघतो, म्हणून त्याला ‘टचकन’ची दखल घ्यावीच लागते. दुसरा इंग्रजी शब्दापासून निघतो. १८४७ च्या कँडीच्या कोशापासून पुढे ही परंपरा सुरू झाली. तिला ‘सडन’साठी प्रतिशब्द हवा असतो, आणि प्रतिशब्द जितका सर्वसाधारण तितका सोयीचा. इंग्रजीतही ‘सडन’ हा मूळ लॅटिनमध्ये ‘नकळत जवळ येणे’ ह्या कल्पनेतून आला, ‘ॲब्रप्ट’ तुटण्याच्या कल्पनेतून आणि ‘इन्स्टंट’ समोर उभे असण्याच्या कल्पनेतून. पण शाळेत शिकणाऱ्या मराठी मुलापुढे ह्या सर्वांसाठी अकस्मात, अचानक, एकाएकी ही एकच माळ आली. शिष्ट गद्य भाषांतरातून घडत होते. त्या गद्याने ह्या माळेतील तत्सम मणी उचलला आणि अनुकृतिशब्द पोवाड्याकडे, कीर्तनाकडे, गोष्टी सांगणाऱ्या आजीकडे आणि विनोदी लेखकाकडे सोडून दिले. निबंधात ‘धाडकन’ लिहिणे असभ्य ठरले. ज्या शब्दाच्या भाऊबंदाला आनंदवर्धनाने रसविचाराच्या गाभ्यात स्थान दिले, तो मराठी समीक्षेत ओसरीवर राहिला.

६

ह्या व्यवस्थेची खरी कसोटी ग्रीकमधून मराठीत येताना लागते. नव्या कराराच्या ग्रीकात आकस्मिकतेचे दोन स्पष्ट वर्ग आहेत. ‘एउथिस’ आणि ‘पाराख्रेमा’ हे शब्द लागलीच, विलंबावाचून, असा अनुक्रम दाखवतात. मार्कच्या शुभवर्तमानात एउथिस चाळीसएक वेळा येतो आणि त्या कथनाची धाव त्यानेच ठरते. ‘एक्साइफ्नेस’ आणि ‘आफ्नो’ हे अनपेक्षितपणा दाखवतात. ‘प्रेषितांची कृत्ये’ ह्या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात फिलिप्पी येथील तुरुंगात रात्री भूकंप होतो. तेथे एकाच वाक्यात दोन्ही वर्ग येतात : भूकंप होतो तो आफ्नो, दारे उघडतात ती पाराख्रेमा. भूकंप ध्यानीमनी नसताना झाला. दारे त्याच्या पाठोपाठ, त्याच्यामुळे, उघडली. दोन्हींसाठी ‘अकस्मात’ किंवा ‘एकदम’ योजणारा भाषांतरकार कार्य आणि कारण ह्यांना एका पातळीवर आणून ठेवतो. मराठीत ‘अवचित’ आणि ‘लागलीच’ हा भेद तयार आहे. आणि दारांसाठी मराठीपाशी ‘धाडकन’ ही जास्तीची श्रीमंती आहे, जी ग्रीकापाशी ह्या रूपात नाही. ग्रीक भाषा क्रियेचा पूर्णपणा ‘आओरिस्ट’ ह्या क्रियारूपात ठेवते; मराठी तो ‘कन’मध्ये ठेवू शकते.

श्रीरामपूरच्या मंडळींनी मराठी नवा करार १८११ मध्ये काढला. त्यानंतर शंभर वर्षांनी हा प्रश्न मुळापासून हाती घेणारी व्यक्ती म्हणजे पंडिता रमाबाई. आजच्या कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात १८५८ मध्ये जन्मलेली, संस्कृत शास्त्रांत वाढलेली ही विदुषी हिब्रू आणि ग्रीक शिकली आणि केडगावच्या मुक्तिसदनात बसून तिने संपूर्ण बायबल मराठीत आणले. ते तिच्या निधनानंतर, १९२४ मध्ये पूर्ण स्वरूपात बाहेर आले. त्याची जुळणी आणि छपाई मुक्तिसदनातील स्त्रियांनी केली. कमी शिकलेल्या बाईलाही कळावी अशी साधी मराठी वापरावयाची हा तिचा निश्चय होता. संस्कृतावर असामान्य प्रभुत्व असलेल्या भाषांतरकर्तीने तत्समांचा मोह जाणून आवरावा, ह्या निर्णयाचे महत्त्व धार्मिक भाषांतरापुरते नाही. मुळाशी एकनिष्ठ राहणे आणि बोलीशी एकनिष्ठ राहणे ह्यांत विरोध नाही, ही त्या निर्णयामागची भूमिका मराठी गद्याने पुरती स्वीकारली असती, तर शब्दांची ही उतरंड वेगळी लागली असती.

काव्यशास्त्राच्या क्षेत्रात हाच प्रश्न अधिक तीव्र होतो. गो. वि. करंदीकर ह्यांनी १९५७ मध्ये ‘ॲरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ मराठीत आणले आणि त्यानंतर शोकात्मिकेची चर्चा मराठीत सुस्थिर झाली. त्या चर्चेत ‘पेरिपेतेइया’ ही संज्ञा केंद्रस्थानी आहे. तिचे स्पष्टीकरण करताना ‘नायकाच्या नशिबात अकस्मात होणारा पालट’ अशा धाटणीचे वाक्य लिहिण्याचा मोह सहज होतो. ॲरिस्टॉटलचे म्हणणे नेमके ह्याच्या उलट आहे. नवव्या प्रकरणात तो सांगतो की, घटना अपेक्षेविरुद्ध घडाव्या आणि तरीही परस्परांमुळे घडाव्या, तेव्हाच भय आणि करुणा सर्वाधिक जागतात. योगायोगाच्या गोष्टींतही ज्यांच्यामागे काही योजना भासते त्याच अधिक विस्मयकारक वाटतात, असे म्हणून तो आर्गोस येथील मिटिसच्या पुतळ्याची गोष्ट देतो. मिटिसच्या मृत्यूला कारण झालेला मनुष्य तो पुतळा पाहत असता पुतळा त्याच्याच अंगावर पडला. असा पुतळा ‘अकस्मात’ पडला म्हटले की गोष्ट संपते. तो ‘अवचित’ पडला म्हटले की पाहणाऱ्याचा विस्मय राहतो. तो ‘धाडकन’ पडला म्हटले की त्याचे वजन जाणवते आणि कारणाचा प्रश्न खुला राहतो. पुढील प्रकरणातील ईडिपसचेही तसेच. कॉरिंथचा दूत त्याची भीती दूर करण्यास येतो आणि त्याच्याच बोलण्याने सर्व उलगडते. हा पालट क्षणात होतो, पण त्याची तयारी अनेक वर्षांची असते. पु. ल. देशपांडे ह्यांच्या ‘राजा ओयदिपौस’ (१९७९) ह्या अनुवादाने ही कथा मराठी रंगभूमीच्या भाषेत आली. तिच्यात अकस्मात असे काही नाही. जे आहे ते असंलक्ष्यक्रम आहे.

मराठीपाशी आकस्मिकतेसाठी कमी शब्द आहेत अशी तक्रार कोणी करणार नाही. उणीव आहे ती शब्दांमधील भेद राखण्याच्या शिस्तीची. कारण खरोखर अज्ञात असेल तेथे अकस्मात. काळ थोडा असेल तेथे एकदम. मन बेसावध असेल तेथे अवचित. पाठोपाठ घडले असेल तेथे लागलीच. आणि घटना जशी अंगावर आली तशी सांगावयाची असेल तेथे धाडकन, लखकन, चर्रकन. हा भेद कोणी नवा कल्पिलेला नाही. तो अभंगात आहे, काशिकेत आहे, मोल्सवर्थच्या स्तंभांत आहे आणि बोलणाऱ्यांच्या जिभेवर आहे. कोशाच्या एका रांगेत बसल्यामुळे तो तेवढा दिसेनासा झाला आहे.

सर्जापूर रोडवर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पाणी चढले, तर कन्नड शेजारी त्याला थट्टने किंवा हठात्तने म्हणेल आणि मराठी माणूस अचानक म्हणेल. दोघांनाही दोष नाही. रात्री जाग आली तेव्हा पाणी दारात होते, एवढेच ते सांगत असतात. पण दुसऱ्या दिवशी जो लिहावयास बसेल, त्याला ‘अकस्मात’ लिहिण्यापूर्वी वरच्या तळ्यापर्यंत चालत जावे लागेल.